मागचं डावं चाक

सांगूनच टाकते. खंडेनवमीच्या दिवशी मी गाडीचा पाना पूजेत मांडला, आणि त्या पान्याने जे चाक आवळायचं राहिलं होतं ते "आवळलंय मी" असं नवऱ्याला खुशाल ठोकून दिलं. वय अडतीस. म्हणजे काही कोवळं नव्हे. पोरगी सहावीत होती, गल्लीतल्या तिघीचौघी माझ्याकडे सल्ला मागायला येत आणि अख्ख्या पिंपळे गुरवात आपल्याइतकी हुशार बाई नाही असं माझं पक्कं मत होतं. ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मी तिला चहाला घरी आणीन, बिस्किटं पुढे करीन आणि तिचा चहा पिऊन होईपर्यंत तिच्या तोंडावर हसत बसेन.

नवरात्र आलं की ती येतेच. यंदाही आली. पिंपरीच्या मंडईत झेंडूचे ढीग लागले, पावसाने मऊ पडलेलं ऊन पुन्हा टोचायला लागलं, सोसायटीच्या पार्किंगमध्ये लोक बादल्या घेऊन गाड्या धुवायला उतरले, आणि ही बाई माझ्या शेजारी गॅलरीत येऊन उभी राहिली. दुसरं कोणी उभं राहायला नाहीच, त्यामुळे तिला जागा भरपूर.

ऑक्टोबरात आमच्या भागाला एक वेगळाच वास येतो. झेंडू, मशीनचं तेल आणि अगरबत्ती. तिन्ही एकत्र. बाहेरच्या माणसाला तो विचित्र वाटेल, मला अजूनही भूक लागते. खंडेनवमीला कंपन्यांत मशिनं धुऊनपुसून हार घालून उभी करतात, आणि एरवी रात्रंदिवस घरघरणारा सगळा पट्टा त्या दुपारी एकदम गप्प होतो. लग्न होऊन बार्शीहून इथे आले तेव्हा पहिल्या वर्षी ती शांतता ऐकून मी घाबरले होते. सासूबाईंना विचारलं, "काय झालं हो? संप झाला का?" त्या म्हणाल्या, "संप न्हाई, सण आहे. पातेलं उतरव."

मोहनराव गाड्या बनवणाऱ्या कंपनीत लाइनवर होते. हयात होते तोवर मी त्यांना नावाने कधी हाक मारली नाही, सगळा संसार "अहो"वर झाला. आता लिहिताना नाव घेते, अडवायला कोणी नाही. त्यांचं काम चाकं बसवण्याचं. समोर गाडी आली की चाक लावायचं, नट आवळायचे, शेवटी एकेक नट पुन्हा तपासायचा आणि त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका दिला म्हणजे हे मी बघितलंय, उद्या काही झालं तर मला विचारा. घरातही ती सवय होती. रात्री झोपायला जाताना गॅसकडे, कडीकडे आणि नळाकडे एकेक बोट दाखवून मान हलवायचे. मी म्हणायची, "माझ्यावरही एक ठिपका देऊन टाका." ते म्हणायचे, "तू अजून लाइनवर आहेस."

आमची पहिली गाडी जुनी, पांढरी, दुसऱ्याची वापरलेली. घरासमोर शेवग्याखाली उभी असायची आणि वर्षातले आठ महिने तिच्यावर शेवग्याची फुलं पडलेली असायची. दसऱ्याच्या आधी मोहनराव तिच्या टायरांची अदलाबदल करत. पुढची मागे, मागची पुढे. गॅरेजमध्ये न्यायचं नावच नाही. जो माणूस दिवसभर लोकांच्या गाड्यांना चाकं लावतो, त्याने आपली गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची? मागच्या दोन चाकांपुढे विटा लावायच्या, गाडी जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करायचे, मग जॅक. काढलेल्या जागी तात्पुरती स्टेपनी. पोरीच्या पाटीवरचा खडू घेऊन प्रत्येक टायरवर लिहायचे: पुडा, पुउ, माडा, माउ. पुढचा डावा, पुढचा उजवा, असं. पोरगी ते गाणं करून अंगणभर नाचायची. "पुडा पुउ, माडा माउ!" आणि शेजारची मांजर खरंच यायची.

"पण कशाला एवढा खटाटोप?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"पुढची चाकं वळतात, ओढतात, ब्रेकचा भार घेतात. ती जास्त झिजतात," ते म्हणाले. "मागची नुसती मागून येतात. म्हणून वर्षातून एकदा जागा बदलायची. सगळी सारखी झिजली पाहिजेत."

"हे चांगलं आहे," मी म्हटलं. "मग घरातही बदलूया. वर्षातून एकदा तुम्ही भाकरी थापा, मी बसने कंपनीत जाते."

आतून सासूबाई ओरडल्या, "तिला जाऊ दे रे मोहन! दोन दिवसांत कंपनीवालेच परत आणून सोडतील."

त्या वर्षी खंडेनवमीला ते सकाळी साडेसहालाच जॅक घेऊन बसले होते. कंपनीत पूजा अकराला, कोपऱ्यावर बस दहाला. तीन चाकं झाली. चौथं, मागचं डावं, लावून झालं, नट हाताने फिरवून बसवले. चाक हवेत असताना नट पुरते आवळायचे नसतात, गाडी खाली टेकली की मग जोर लावायचा. गाडी खाली घेतली आणि बसचा हॉर्न वाजला. पावणेदहालाच. हे शर्टाची बटणं लावत, हात लुंगीला पुसत, लुंगीची पँट करत धावले. धावता धावता म्हणाले, "मागचं डावं आवळायचं राहिलंय. पाना तिथेच राहू दे. आल्यावर बघतो."

मी "हो" म्हटलं. चक्क्यात साखर फेटत होते, त्या "हो"ला काही अर्थ नव्हता.

दुपारी पूजा मांडायला घेतली. आमच्याकडे शस्त्रं कसली असणार? विळी, सुरी, कात्री, अडकित्ता, सासूबाईंची सुपारी फोडायची हातोडी. पाटावर नीट ओळीने मांडली तरी पूजा कशी केविलवाणी दिसत होती. शेजारच्या घरी तर वेल्डिंगचं मशीन होतं. मग मला अंगणातला पाना दिसला. चांगला लांब, जड, दांड्याला चमक आलेली. मी तो राखेने घासला, धुतला, पाटाच्या मधोमध ठेवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. काय शोभा आली म्हणून सांगू! चार पावलं मागे जाऊन मी स्वतःवरच खूश झाले.

आणि सासूबाईंचा नियम असा, की एकदा हत्याराला कुंकू लागलं की दसऱ्याच्या दुपारपर्यंत ते जागेवरून हलवायचं नाही. भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवायची. एका वर्षी मी पूजेतली कात्री उचलून दुधाची पिशवी कापली होती, त्यावर त्यांनी मला कार्तिकी एकादशीपर्यंत ऐकवलं होतं.

संध्याकाळी मोहनराव पेढ्यांचा पुडा घेऊन आले. अंगणात पाहिलं, आत आले, पाटाकडे पाहिलं. पाना कपाळभर कुंकू लावून बसलेला.

"अगं, मागचं चाक?"

सासूबाई पाटाशेजारीच वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली. ती मान वर होताना मी पाहिली आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "आवळलंय मी."

"तू?"

"मीच. पूजेत ठेवायच्या आधी आवळून घेतलं. त्यात काय एवढं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, पकडले गेले. पण त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. पोरीला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का? तुझ्या आईला आता लाइनवर घ्यायला सांगतो." आणि तिच्या हातात दोन पेढे दिले. ज्या माणसाने दुसऱ्याचा आवळलेला नट तपासल्याशिवाय आयुष्यात पुढे जाऊ दिला नाही, त्याने माझा शब्द न तपासता घेतला.

सकाळी लवकर उठून गुपचूप आवळून टाकीन असं मी ठरवलं होतं. पण सकाळी तोरणं, श्रीखंड, पुऱ्या, पोरीची वेणी. खोटं बोललेलं खरं वाटायला लागायला मला तेव्हा एक रात्र पुरायची. दसऱ्याला गाडीला हार घातला, चारही चाकांना हळदकुंकू लावलं, मागच्या डाव्यालाही लावलं. वाकून नमस्कार केला. नटाला बोट लावून पाहिलं नाही.

दुपारी आम्ही बबनभाऊंकडे सोनं द्यायला निघालो. बबनभाऊ मोहनरावांच्याच लाइनवरचे, चाकणजवळच्या वस्तीवरचे, घरची शेती सांभाळून नोकरी करणारे. भोसरी गेली, मोशी गेली. तेव्हा मोशीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं होती, आणि त्या दिवसांत ती शेतं केशरी असायची. बायका ओणव्या होऊन झेंडू तोडत होत्या. काचा खाली, वारा तोंडावर. मागून कुठून तरी टक् टक् यायला लागलं.

"काहीतरी वाजतंय," मोहनराव म्हणाले.

"श्रीखंडाचा डबा आहे तो," मी म्हटलं.

बबनभाऊंच्या वस्तीकडे वळायचं म्हणून त्यांनी गाडी हळू केली. तेवढ्यात मागे बसलेल्या सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "अगं बाई, ते बघ! कुणाचं तरी चाक चाललंय."

खरंच चाललं होतं. आमच्या डाव्या अंगाने, आमच्यापेक्षा जरा पुढे, हळदकुंकू लावलेलं एक चाक मोठ्या ऐटीत एकटंच चाललं होतं. ते रस्ता सोडून झेंडूच्या शेतात शिरलं, आणि मग आमची गाडी मागे डावीकडे बसली. मोठा आवाज झाला, गाडी घासत जाऊन बांधाला टेकली. पोरगी मागे आजीशेजारी होती, तिला काही झालं नाही. सासूबाईंनी पुढच्या सीटला हात लावला होता, त्यांचं मनगट मोडलं.

बबनभाऊ समोरूनच धावत आले. त्यांनी आणि शेतातल्या बायकांनी गाडी उचलून धरली. दुसरा एकजण शेतातून चाक घेऊन आला. बबनभाऊंनी चाकाच्या मोकळ्या भोकांकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

"काय राव मोहन, नट आवळलं न्हाईत व्हय?"

मी सासूबाईंचा हात माझ्या पदरात धरून उभी होते. मोहनरावांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी तिथेच ओरडून सांगितलं असतं. ते नुसतं पाहून झालं, मग ते बबनभाऊंकडे वळून म्हणाले, "राहिलं राव माझ्याकडनं. बस लवकर आली, गडबडीत राहून गेलं."

कंपनीत दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाव पडलं. ढिल्या. बबनभाऊंनीच पाडलं. त्यात वाईट हेतू काही नव्हता, लाइनवर सगळ्यांचीच काही ना काही नावं असतात. पण बाकीच्यांची नावं टोपीवरून, टकलावरून पडलेली. यांचं पडलं ते यांच्या कामावरून, त्या पिवळ्या ठिपक्यावरून. "ढिल्या, आमच्या गाडीचं बघून घे रे!" रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं की हेच. मोहनराव हसून हात वर करायचे. मी शेजारी पिशवी धरून.

सासूबाईंच्या हाताला सहा आठवडे प्लास्टर होतं. त्यांना अंघोळ घालायची, लुगडं नेसवायचं, केस विंचरायचे, सगळं माझ्याकडे. दुपारी उन्हात त्यांना पाटावर बसवून मी फणी घ्यायची आणि त्या सुरू व्हायच्या. "माझा मोहन लहानपणी किती नेटका होता गं. दप्तराचे पट्टे दोन दोनदा बघायचा. आता याचं लक्ष कुठे असतं कोण जाणे." मी फणी फिरवत राहायची. रोज ठरवायची, आज सांगते. गुंता सुटला की सांगते. गुंता सुटायचा, वेणी व्हायची, अंबाडा व्हायचा, आणि मी म्हणायची, "तेल जरा कमीच झालं, नाही?" सासूबाई पुढे बरीच वर्षं जगल्या आणि मुलाच्या धांदरटपणाबद्दल खंत करतच गेल्या. शेवटी शेवटी त्यांना माझी ओळख पटत नव्हती. तेव्हा एकदा सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" हे सांगणं काही मी हिशेबात धरत नाही.

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मोहनरावांनी चाकं बदलली. चौथं चाक लावून, गाडी खाली घेऊन त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि पाना माझ्या हातात दिला.

"घे."

मला वाटलं, आता बोलणार. वर्षभर दाबून धरलेलं आता बाहेर येणार. मी तयार होते, खरं तर वाटच बघत होते.

"समोरासमोरचे नट घ्यायचे," ते म्हणाले. "एक इकडचा, मग त्याच्या समोरचा. गोल गोल नाही जायचं. हाताने ओढू नकोस, अंगाचं वजन टाक. आता आहे ना वजन?"

मी आवळलं. बांगड्या पान्यावर वाजल्या. ते दुसरीकडे बघत उभे होते. झालं म्हटल्यावर त्यांनी खिशातून पिवळ्या रंगाची छोटी बाटली काढली, कंपनीतलीच असावी, आणि ब्रश माझ्यापुढे धरला.

"ठिपके तू दे."

मी चारही नटांवर ठिपके दिले. त्यांनी जॅक उचलला, विटा उचलल्या आणि हात धुवायला गेले. तपासलं नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत जाऊन उभी राहिले. मी नसताना येऊन बघतील म्हणून. संध्याकाळपर्यंत बघितलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी नाही, त्याच्याही पुढच्या नाही. पांढरी गाडी गेली, घर पाडून तिथे सोसायटी आली, दुसरी गाडी आली. दरवर्षी मागचं डावं चाक मी आवळायची आणि दरवर्षी लपून बघायची. एकदा तरी त्यांनी पाना लावून बघायला हवं होतं हो. एकदा बघितलं असतं, नट घट्ट निघाला असता, तर आमचं फिटलं असतं. असं न बघता मला माफ करायचा त्यांना काय अधिकार होता?

पण मजा अशी, की वर्षातला आमचा सगळ्यात चांगला दिवस तोच असायचा. एरवी शिफ्ट, ओव्हरटाइम, पोरीच्या परीक्षा. त्या सकाळी दोन तास आम्ही दोघं जमिनीवर बसलेले, मध्ये चाक, हात काळे. ते टायरच्या खाचांतले खडे स्क्रूड्रायव्हरने काढत आणि मी ते एका वाटीत गोळा करत असे. का गोळा करत होते देव जाणे. वाटी भरली की ते विचारत, "फोडणी देतेस का?"

ते निवृत्त झाले तेव्हा कंपनीने सभागृहात निरोप दिला. मी पहिल्या रांगेत, मांडीवर शाल आणि नारळ. बबनभाऊ बोलायला उभे राहिले. "या माणसानं जन्मभर दुनियेची चाकं आवळली," ते म्हणाले, "सुटलं ते एकच, आन् ते बी घरचं!" सभागृह हसलं. मोहनराव दोन्ही हात जोडून हसले. मला खरं सांगायचं होतं. उभं राहायचं, एवढंच करायचं होतं. मांडीवरचा नारळ घरंगळेल म्हणून मी बसून राहिले. हे कारण मी स्वतःला इतक्यांदा दिलंय की आता मलाही ते पटत नाही.

परत येताना गाडीत मी म्हटलं, "अहो."

"काय?"

"काही नाही. सिग्नल सुटला."

तीन वर्षांपूर्वी, थंडीत, जेवून हात धुताना ते गेले. नळ चालूच होता. दहाव्याला आळंदीला इंद्रायणीकाठी गेलो. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, कसलीही इच्छा राहिली नव्हती, भला माणूस. माझी राहिली होती, पण पिंड माझा नव्हता. बबनभाऊ आले, पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "आमचा ढिल्या गेला हो वहिनी." आजूबाजूचे जुने कामगार रडता रडता हसले. मीही पदर तोंडाला लावला. माणूस गेला तरी नाव सुटेना, आणि ते नाव माझं होतं.

मुलगी बंगळुरात असते. नात मला फोनवर व्हिडिओ पाठवते, टायर कसे बदलावेत याचे. त्यात एक गोरा माणूस स्वच्छ हातमोजे घालून सगळं दहा मिनिटांत करतो आणि त्याला कोणी हाक मारत नाही, त्याच्याकडे बस येत नाही. मुलगी म्हणते, "आई, गाडी विकून टाक. नाहीतर निदान दुकानात तरी ने." दुकानातल्या मेकॅनिकला मी विचारून आले होते. तो म्हणाला, "काकू, ही टायरं झिजायला गाडी चालली तर पाहिजे. उभी राहून राहून एका अंगाला बसली आहेत नुसती." मी म्हटलं, "माझंही तसंच झालंय, तू हवा भर."

तरी यंदा मी चाकं बदलली. एकटीने. सकाळी सहाला पार्किंगमध्ये उतरले, खाली जुनी सतरंजी टाकली, विटांऐवजी कुंड्या लावल्या. एका चाकाला पाऊण तास. मध्ये बसून चहा, मध्ये गुडघ्याला शिव्या. टायरवर खडूने लिहायला घेतलं, पुडा, पुउ, आणि मोठ्याने म्हणून पाहिलं. पार्किंगमध्ये आवाज घुमतो फार. सोसायटीचे सेक्रेटरी फिरायला जाताना थबकले.

"आजी, इथे गॅरेजचं काम चालत नाही."

"गॅरेज नाही, व्यायाम आहे. डॉक्टरांनी सांगितलाय."

"पडलात तर?"

"आधीच जमिनीवर बसलेय. अजून कुठे पडू?"

ते गेले. मी गाडी खाली घेतली आणि शेवटचं, मागचं डावं चाक आवळायला घेतलं. समोरासमोरचे नट. वजन आता पूर्वीपेक्षा जास्त आहे, तेवढाच काय तो फायदा. झाल्यावर मी उठले, चार पावलं गेले, परत आले आणि स्वतःच आवळलेला प्रत्येक नट पुन्हा तपासला. मग तिसऱ्यांदा तपासला. पार्किंगमध्ये दुसरं कोणी नव्हतं. बाटलीतला रंग केव्हाच वाळून गेलाय, म्हणून मी नखाला लावायचा लाल रंग आणला होता, नातीचा राहिलेला. चार ठिपके दिले. ते सुकेपर्यंत तिथेच बसून राहिले.

दसऱ्याला दुपारी एकटी गाडी काढून निघाले. भोसरी, मोशी. ज्या शेतात आमचं चाक शिरलं होतं तिथे आता निळ्या पत्र्याची गोदामं आहेत आणि कंटेनरांची रांग. झेंडू फक्त ट्रकच्या पुढच्या जाळीला बांधलेला. वाटेत काही वाजत नव्हतं. तरी मी दोनदा बाजूला थांबून खाली उतरले आणि चाक पाहून घेतलं.

बबनभाऊंची वस्ती आता तीन मजल्यांची झाली आहे. मुलं गोदामांच्या धंद्यात. ते एकटेच ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. मला बघून उठले.

"वहिनी! कुणासंगं आला?"

"एकटीच. गाडी घेऊन."

"आन् चाकं?" त्यांनी डोळा बारीक केला.

"मीच बदलली, मीच आवळली."

"मंग पोचला कशा?" म्हणून ते खो खो हसले. सून चहा घेऊन आली. मी आपट्याची पानं त्यांच्या हातावर ठेवली, त्यांनी माझ्या हातावर ठेवली. त्यांची धाकटी नात एकदा डोकावून गेली. आणि मग मी सांगितलं. पहिल्यापासून. पाना, कुंकू, सासूबाईंची वर झालेली मान, "आवळलंय मी". मोहनरावांचा उजळलेला चेहराही सांगितला. सभागृहातला नारळही सांगितला. मोहनरावांचं काही चुकलं नव्हतं, ते नाव त्यांचं नव्हतंच, हे तुम्हाला तरी ठाऊक असावं म्हणून आले, असं म्हटलं.

बबनभाऊ हसले तर काय बोलायचं आणि रागावले तर काय बोलायचं, हे दोन्ही मी भोसरीच्या सिग्नलला पाठ करून ठेवलं होतं. त्यांनी दोन्हीपैकी काही केलं नाही. हातातली पानं गुडघ्यावर ठेवून ती एकेक सपाट करत बसले. रस्त्यावरून दोन टँकर गेले. सून येऊन कप घेऊन गेली, त्यांचा तसाच भरलेला होता. मला मात्र छाती मोकळी झाल्यासारखं वाटत होतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. येते म्हणून मी उठले, चपला घातल्या, पायरी उतरले. तेव्हा मागून बबनभाऊ बोलले.

"वहिनी, तुमी सांगून मोकळ्या झाल्या, लई बरं झालं. पर इतकी वर्सं त्याला चारचौघांत हसणारा मी हाय. आता त्याची माफी मागाया मी कुटं जाऊ, ते बी सांगून जा की."